चौतीस मिलिग्रॅम

रविवार, ६ सप्टेंबर १९८१

नोव्हेंबरच्या शेवटी इंदूरला राज्य स्पर्धा आहे. तीनशे मीटर, मोठी रायफल. गेल्या तीन वर्षांत मी दोनदा चौथा आणि एकदा पाचवा आलो. वय एक्कावन्न. आता नाही तर मग कधीच नाही, म्हणून आजपासून सगळं लिहून ठेवायचं ठरवलं आहे. बाकीचे नेमबाज हरल्यावर सबबी शोधत बसतात. माझ्याकडे आकडे राहतील.

चौथा आलो तो हातामुळे नाही, काडतुसांमुळे. विकतच्या काडतुसांत एकात बारूद किंचित कमी, दुसऱ्यात किंचित जास्त. तीनशे मीटरवर तेवढ्यानंही गोळी वर-खाली होते. म्हणून क्लबानं दुर्गच्या कचेरीतून रीतसर परवानगी काढली आणि गेल्या वर्षापासून आम्ही आमची काडतुसं स्वतः भरतो. आम्ही म्हणजे मी. खोली माझ्या क्वार्टरची मागली, तराजू मी लिलावातून आणलेला, काचेच्या पेटीतला, दोन पारड्यांचा. पद्धतही माझीच. वजनांची चळत मांडायची भानगड नाही. एका काडतुसाला जेवढी बारूद लागते, नेमक्या तेवढ्याच भाराचं एक पितळी वजन मी करवून घेतलं आहे. त्याला मी 'प्रमाण' म्हणतो. डाव्या पारड्यात प्रमाण, उजव्यात बारूद, काटा मधोमध थांबला की झालं. मखमली डबीत ठेवतो आणि चिमट्यानंच उचलतो.

तोलायला टिकाराम रामटेके येतो. प्लांटच्या लॅबोरेटरीत माझ्याच हाताखाली आहे, बावीस वर्षं पोलादाचा कीस तोलून राहिला आहे. हात बरा आहे त्याचा. प्रमाणाची मूठ आट्यांची आहे, फिरवून उघडते, आत पोकळी आहे, तिच्यात शिशाचा चुरा घालून भार जुळवावा लागतो. ते त्यानं नऊ संध्याकाळी बसून जुळवलं. अर्थात सांगणारा मी होतो.

रविवार, १३ सप्टेंबर

शिवनाथ नदीच्या काठच्या मैदानावर सराव. क्लबात माझा एक नियम आहे, जो तोलेल तो आधी झाडेल. नवीन भरलेल्या काडतुसांतली पहिली तीन तोलणाऱ्यानं स्वतःच्या गालाशी रायफल लावून झाडायची. मग आम्ही. आमचे सेक्रेटरी ओमप्रकाशजी, पावर हाउसच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे, ते म्हणाले की पांढरीपांडेजी, हे जरा जादा होतं. मी म्हटलं, ओमप्रकाशजी, दुसऱ्याच्या डोळ्यासाठी कोणी काटा बघत नाही, स्वतःच्या डोळ्यासाठी बघतो. ते हसले. कापडवाल्याला काय, बोटभर इकडे, बोटभर तिकडे.

टिकारामनं तीन झाडली. तिन्ही एका रुपयाखाली झाकली जातील अशी बसली. माझी दहा त्याच्या चौपट पसरली. रायफल माझी आहे, जुळवलेली मी, त्याला तयार मिळाली, त्यात विशेष काही नाही. शिवाय डोळ्यांवर घालायचा जाड काचेचा चष्मा क्लबात एकच आहे आणि तो माझ्या नंबरचा आहे, म्हणून तो उघड्या डोळ्यांनी झाडतो. उघड्या डोळ्यांना स्पष्ट दिसतंच.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

काल संध्याकाळी टिकारामच्या हातून चिमटा निसटला आणि त्यानं पडतं प्रमाण उघड्या बोटांनी धरलं. मी तिथेच बसलो होतो. बोटाचा घाम म्हणजे भार, हे लॅबोरेटरीत पहिल्या दिवशी शिकवतात. बेचाळीस वर्षांच्या माणसाला हे परत सांगावं लागतं. मी प्रमाण स्पिरिटनं पुसलं आणि त्याला म्हटलं, घरून लिहून आण, 'मी प्रमाणाला हात लावणार नाही', पन्नास वेळा.

आज आणलं. पन्नासच्या पन्नास, आकडे घालून, सुवाच्य अक्षरात. आठवीतली मुलगी शेजारी अभ्यासाला बसली होती, तिनं विचारलं की बाबा तुमाले कोणी लिहायला लावलं, असं तो सांगत होता. मी म्हटलं, मग काय सांगितलंस? तो म्हणाला, काही नाही साहेब. कागद मी फाईलला लावला. कामाची शिस्त अशीच येते.

शनिवार, ३ ऑक्टोबर

टिकारामला दसऱ्याला नागपूरला जायचं आहे, दीक्षाभूमीवर. दरवर्षीचं आहे. सगळी चाळच्या चाळ निघते त्यांची, पोरंबाळं, भाकरीची गाठोडी, दुर्गहून गाडीला लटकून. मी म्हटलं, जा, पण आधी साठ काडतुसं पूर्ण कर. तीन रात्री बसला. शेवटच्या रात्री डोळे चोळत होता, तेव्हा मी त्याला तोंड धुऊन यायला सांगितलं. बाहेरच्या नळावर.

आज रेंजवर ती झाडून पाहिली. दहा गोळ्या वीतभराच्या आत. असा खेळलो तर पदक कुठं जात नाही. घरी येऊन बायकोला, कमलिनीला, सांगितलं तर ती म्हणते, त्या टिकारामला काहीतरी द्या हो. द्यायचं काय? त्याला तोलायला मिळतं, तेच खूप आहे.

बुधवार, ७ ऑक्टोबर

खंडेनवमी. रायफल, तराजू, चिमटे, सगळं पूजेला मांडलं. प्रमाणही. बाबा वर्ध्याला असताना शस्त्रपूजा कशी करत, ते मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. कोणतीही वस्तू वर्षभर कुणाकुणाच्या हाताखालून जाते, ती देवापुढे तशीच ठेवायची नसते. आधी शुद्धी, मग पूजा. म्हणून प्रमाणाला पंचामृताचं स्नान घातलं, दूध, दही, तूप, मध, साखर. मंत्र पुरा होईपर्यंत वाटीत बुडवून ठेवलं. मग पाण्यानं धुतलं, कोरड्या धोतरानं पुसलं, गंध लावलं, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या.

कमलिनी म्हणत होती, नुसतं फूल वाहा हो, चिकट राहील. मी म्हटलं, बायकांनी नैवेद्यात लक्ष घालावं. संध्याकाळी गंध-कुंकू नीट पुसून टाकलं. वजन असं लखलखलं की मलाच बरं वाटलं. मखमली डबीत ठेवून दिलं. आता ते खरं माझं झालं.

रविवार, ११ ऑक्टोबर

टिकाराम परत आला. येताना संत्रा बर्फीचा पुडा आणला, घरच्यांसाठी म्हणाला. मी ठेव म्हटलं. तो गेल्यावर कामवाल्या ठकूबाईला देऊन टाकला. कमलिनीनं उगाच तोंड वाकडं केलं.

इंदूरसाठीची शेवटची ऐंशी काडतुसं आजपासून. वीस झाली. मखमली डबीत दोन लाल मुंग्या निघाल्या. मी टिकारामला विचारलं, इथं बसून काय खाल्लंस? नाही म्हणाला. मग बर्फीचे हात असतील, असं मी म्हटलं. तो गप्प. प्रत्येक गोष्टीला गप्प बसायची याची जी सवय आहे ना, तीच मला आवडत नाही.

आणखी एक. पाचव्या-सहाव्या काडतुसापाशी थांबला आणि उजेडाकडे धरून आत बघू लागला. म्हणाला, साहेब, बारूद नेहमीपरीस वर दिसून राहिली. मी म्हटलं, काटा मधोमध आहे ना? हो म्हणाला. मग डोळ्यावर विश्वास ठेवायचा की काट्यावर? बारूदीचा डबा नवीन फोडला आहे, दाणा थोडा मोकळा असेल. तो हो म्हणाला, पण प्रत्येक काडतूस उजेडाकडे धरणं काही सोडलं नाही. वेळ जातो अशानं.

रविवार, १८ ऑक्टोबर

रेंजवर. नव्या वीसातली पहिली तीन टिकारामनं झाडली. आवाज जरा कडक वाटला. पहिल्या गोळीनंतर रायफलचा बोल्ट, काडतुसामागचा दांडा, अडकला, तळहातानं ठोकून उघडावा लागला. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्यानंतर त्यानं रिकामं काडतूस माझ्यापुढे धरलं. मागची टोपी आतल्या दाबानं चपटी झाली होती. ओमप्रकाशजी डोकावले आणि म्हणाले, आज रहने दीजिए.

टिकाराम म्हणाला, "साहेब, मले एक डाव प्रमाण लॅबात तोलून पाहू द्या."

सगळ्या लोकांसमोर. मी शांतपणे विचारलं की तुझा संशय कोणावर आहे? तो म्हणाला, कोणावर नाही साहेब, फक्त तोलून पाहू. मी म्हटलं, वजन माझं, डबी माझी, कुलूप माझं. प्रमाणावर शंका म्हणजे माझ्यावर शंका. तोलणारा तू आहेस, आधी स्वतःचा हात तोल. त्यावर दोघंतिघं हसले. मी आज झाडलं नाही, वारा होता.

बुधवार, २१ ऑक्टोबर

लॅबोरेटरीत दुपारी टिकाराम पुन्हा टेबलाशी आला. हातात अर्ज. अर्ज! 'प्रमाण वजनाची पडताळणी करून घ्यावी ही विनंती.' खाली सही, तारीख. मी तो मोठ्यानं वाचून दाखवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि विचारलं की रामटेकेसाहेब, दिल्लीहून तज्ज्ञ बोलवायचे की आपणच याल? कान लाल झाले त्याचे. मग म्हटलं, ज्याला माझ्या वजनावर भरवसा नाही त्यानं माझ्या तराजूवर बसू नये, इथल्याही नाही आणि घरच्याही नाही. अर्ज परत घेतलास तर मी विसरलो.

त्यानं अर्ज परत घेतला. चार घड्या करून खिशात ठेवला. तराजू हेच त्याचं सगळं आहे, हे मला ठाऊक आहे. त्याच्या वस्तीत त्याला लोक 'तराजूवाला' म्हणून ओळखतात, आणि लॅबोरेटरीत त्याच्या लोकांपैकी तराजूवर बसलेला तो पहिला. असा माणूस ताणला तरी तुटत नाही.

मला काही भीती वाटते का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. नाही. प्रमाण बरोबर आहे. बरोबर असलेली गोष्ट तोलायची म्हणजे तिचा अपमान.

सोमवार, २६ ऑक्टोबर

काल लिहायला जमलं नाही.

काल रेंजवर मी टिकारामला म्हटलं, तुझ्या मनातला संशय आज काढून टाकू, तीन नाही, दहा झाड. ओमप्रकाशजी नको नको म्हणत होते. टिकाराम एकदा माझ्याकडे बघून आडवा झाला. पहिल्या तिन्ही वेळा बोल्ट ठोकून उघडला. तिसरी झाल्यावर मान वळवून म्हणाला, साहेब, पुरे करू का? मी म्हटलं, मोजता येतं ना? दहा म्हणजे दहा.

चौथ्याला आवाज वेगळा आला. धूर बोल्टच्या मागून निघाला. तो ओरडला नाही, नुसता उजवा हात डोळ्यावर धरून गुडघ्यांवर बसला. बोटांमधून रक्त येत होतं आणि तो विचारत होता की रायफल ठीक आहे ना. रायफल ठीक नाही. बोल्टचा तोंडाचा भाग गेला. इतकी वर्षं जपलेली रायफल. इंदूर गेलं. उरलेल्या काडतुसांतली बारूद ओमप्रकाशजींनी तिथेच काढून जाळायला लावली.

हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा राहणार नाही. पितळेचा कण आत आहे. त्याची बायको रमा आली. मला वाटलं आरडाओरड करेल. तिनं फक्त विचारलं, "साहेब, तुमी तितंच होते ना?" मी हो म्हटलं. ती त्याच्या खाटेशी जाऊन उभी राहिली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर कमलिनी काहीतरी बोलू पाहत होती. "अहो, ते पंचामृत..." एवढंच म्हणाली. मी तिला पुढे बोलू दिलं नाही. एवढा अपघात झाला आहे, त्यात हिला स्वयंपाकघर सुचतं.

गुरुवार, २९ ऑक्टोबर

दिवाळी कशीबशी गेली. दुर्गच्या पोलिसांनी क्लबाकडून खुलासा मागितला आहे. क्लबानं तिघांची समिती नेमली. तोलणाऱ्याची चूक की सामानाची, एवढंच ठरवायचं. सामान म्हणजे मी. सामान चुकीचं निघालं तर परवाना जाईल, क्लबही जाईल, आणि प्लांटमध्ये माझी बढतीची फाईल वर गेलेली आहे ती खाली येईल.

हॉस्पिटलात गेलो. टिकारामच्या अर्ध्या तोंडाला पट्टी. म्हणाला, "साहेब, आता मी लॅबात येऊ शकत नाही. तुमीच एक डाव तोला. खरं काय ते समजन." हात जोडले नाहीत, विनवलं नाही, जसं कामाचं सांगावं तसं सांगितलं. मी म्हटलं, बघू. त्याला एवढंच समजून घ्यायचं आहे की त्याचा हात चुकला की नाही. डोळा गेलेल्या माणसाला दुसरं काही सुचत नाही, आश्चर्य आहे.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

सगळे जेवायला गेल्यावर लॅबोरेटरीत प्रमाण तोललं. मोठ्या तराजूवर, लॅबच्या अस्सल वजनांशी, तीन वेळा, पारडी बदलून.

चौतीस मिलिग्रॅम जास्त.

मग डोकं चालू लागलं. एवढी वाढ उगाच येत नाही, कोणाच्या तरी हाताची असणार. सप्टेंबरात त्यानं उघड्या बोटांनी धरलं होतं, त्याचं लेखी माझ्याकडे आहे, पन्नास वेळा. घाम मुठीच्या आट्यांत शिरला असणार. म्हणजे शेवटी चूक त्याचीच. फक्त समितीला हे समजावायला गेलं तर तिघं तीन अर्थ काढतील. नको ती गुंतागुंत कशाला?

मूठ उघडून प्रमाण गरम पाण्यात उकळलं. पाणी थोडं गढूळ, तांबूस झालं, वर तेलकट तवंग आला. पितळेचं होतं असं कधी कधी. पोकळीतला शिशाचा चुरा वेगळा धुऊन, वाळवून परत घातला. तोललं. काटा मधोमध. एक दशांशाचाही फरक नाही. वस्तू स्वच्छ ठेवणं हे तर माझं कर्तव्यच आहे.

रविवार, ८ नोव्हेंबर

समितीची बैठक लॅबोरेटरीत, माझ्याच सूचनेवरून. ओमप्रकाशजी आणि दोन सभासद. टिकारामला रिक्षातून आणलं. पट्टी लहान झाली आहे, पण चेहरा उजवीकडून ओढल्यासारखा दिसतो. मी म्हटलं, आधी प्रमाणच तोलू, म्हणजे कोणाच्या मनात काही राहायला नको. स्वतः तोललं नाही, ओमप्रकाशजींच्याच हातानं ठेववलं. काटा मधोमध.

टिकाराम म्हणाला, मी पाहू काय? मी त्याला तराजूपाशी बसू दिलं. डाव्या डोळ्यानं वाकून पाहत होता. चिमटा त्यानं मागितला, मी दिला. त्यानं स्वतः तीनदा तोललं. एका डोळ्यानं पारडं किती लांब आहे ते कळत नाही, म्हणून पहिल्यांदा चिमटा हवेतच मिटला. पण काटा तिन्ही वेळा मधोमध.

मग तो मागे टेकला. खूप वेळ आपला उजवा हात उलटा-सुलटा करून पाहत होता. म्हणाला, "मंग मीच चुकलो." कोणी त्याला म्हणायला लावलं नव्हतं, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो. ओमप्रकाशजींनी डोळे पुसले. मी टिकारामच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, माणूस आहे, चुकतोच. सगळ्यांना ते आवडलं.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

मेडिकल बोर्डाचं पत्र आलं. डावा डोळा उत्तम. विभागप्रमुखांची हरकत नसेल तर पूर्वीच्या कामावर घेता येईल. विभागप्रमुख म्हणजे मी.

दुपारी रमा आली होती, क्वार्टरच्या दारात. म्हणाली, रात्री झोपत नाही तो, उठून बसते अन् हातात भाकरीचा तुकडा घेऊन अंदाज करत राहते, हे किती भरन, हे किती भरन. तराजूवर परत बसवा साहेब, तितं गेला की ठीक होईल. मी तिला नीट समजावलं की ज्यानं स्वतःच हयगय कबूल केली, त्याला मी कोणत्या तोंडानं तराजूवर बसवू? उद्या पोलादाच्या एका भट्टीचा हिशेब चुकला तर? नोकरी जाणार नाही, एवढं मी बघतो. कोळशाच्या यार्डात वॅगन मोजायची जागा आहे. तिथं टनांचा हिशेब असतो, मिलिग्रॅमचा नाही. ती तशीच निघून गेली. आभार मानायची रीत नाही या लोकांत.

कमलिनी दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

रविवार, १५ नोव्हेंबर

पोलिसांना द्यायचा जबाब मी टाइप करून ठेवला होता. 'बारूद तोलताना माझ्या हातून हयगय झाली, वजन व साहित्य निर्दोष होते, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, तोलण्याच्या कामावर मी यापुढे हक्क सांगणार नाही.' टिकाराम दहाला आला. रमा फाटकाबाहेर रिक्षात बसून राहिली. त्यानं कागद डाव्या डोळ्याजवळ धरून शेवटपर्यंत वाचला. सही केली, तारीख घातली. अक्षर अजून तसंच आहे, स्वच्छ. मी कागद घेऊन टेबलाच्या खणात ठेवला आणि किल्ली फिरवली.

तो उठला नाही. म्हणाला, "साहेब, एकच सांगा. कितीनं चुकलो मी? बावीस वर्सं तोललं, मले समजलं पायजे."

खरं सांगतो, मला त्याचं कौतुक वाटलं. शेवटी माझ्या हाताखाली तयार झालेला माणूस. कोणी पैसे विचारले असते, कोणी डोळ्याचं विचारलं असतं. यानं आकडा विचारला. मी म्हटलं, चौतीस मिलिग्रॅम.

तो "चौतीस" म्हणाला. पुन्हा एकदा म्हणाला. आधी त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी आलं, हिशेब लागल्यावर येतं तसं. मग ते गेलं. डावा डोळा माझ्या तोंडावर ठेवून तो विचारू लागला.

"बारूद त जळून गेली होती साहेब. मंग तुमी तोललं ते काय?"

मी म्हटलं, ते आता तुझं काम नाही. तो म्हणाला, कागद द्या माझा. मी म्हटलं, सही झालेला कागद समितीचा असतो. त्यानं हात पुढे केला आणि तसाच धरून ठेवला. जराही हलत नव्हता. कमलिनी आतल्या दारात येऊन उभी राहिली होती, "भाऊ," म्हणून तिनं काही सुरू केलं, तिला मी आत जायला सांगितलं. ती गेली नाही. शेवटी त्यानं हात खाली घेतला. जाताना व्हरांड्याची पायरी त्याला कळली नाही, पडला, आपला आपण उठला. रमा धावत आली. तो तिला काहीतरी सांगत होता, चौतीस, चौतीस, एवढंच मला ऐकू आलं, आणि मग ती बाई फाटकातून माझ्याकडे बघत उभी राहिली ती रिक्षावाल्यानं हाक मारेपर्यंत.

माणूस मनात काहीतरी धरून गेला. धरू दे, कागद खणात आहे. माझ्या मनात मात्र काही नाही. त्यानं विचारलं, मी सांगितलं. दुसरा कोणी साहेब असता तर 'असेल थोडीशी' म्हणून वाटेला लावलं असतं. मी एक मिलिग्रॅमसुद्धा इकडेतिकडे केला नाही.